न विचारता घेतलेला घास

इटलीहून परतलेला मनुष्य तेथील चर्चे, पुतळे आणि भग्नावशेष यांविषयी दहा मिनिटे बोलतो व जेवणाविषयी तासभर बोलतो, असा आमचा अनुभव आहे. यात हसण्यासारखे काही आहे असे आम्हांस वाटत नाही. पुतळ्याचा आणि पाहणाऱ्याचा संबंध डोळ्यांपुरता असतो. अन्न मात्र परक्या भूमीतून उचलून आपण आपल्या देहात घेतो आणि तो देह घेऊनच घरी येतो. म्हणूनच प्रवासातील जेवणाची आठवण इतर आठवणींहून अधिक जवळची असते. परंतु ह्याच कारणाने एक प्रश्नही उपस्थित होतो. जे अन्न आपण इतके जवळ केले, ते कशाचे केले होते हे विचारण्याचे कर्तव्य आपणांवर आहे की नाही? आणि उत्तर नकोसे निघेल ह्या भीतीने प्रश्नच टाळून जो आनंद घेतला, त्याला निर्मळ आनंद म्हणता येईल काय?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे. देवस्थानाशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या आपल्या घरांतून सोमवार, एकादशी, श्रावण असे दिवस अजून पाळले जातात. गोमंतकात अशा दिवशीच्या जेवणाला शिवराक म्हणतात. त्यात मासळी नाही, मांस नाही, अंडेही नाही. एरवी मासे खाणारा गृहस्थही त्या दिवशी निष्ठेने शिवराक जेवतो. असा गृहस्थ इटालियन उपाहारगृहात बसतो, पत्रिकेत 'भाजीचे' म्हणून जे दिसेल ते मागवितो आणि व्रत राखल्याच्या समाधानात जेवतो. पण त्या पदार्थावर जे चीज किसून घातलेले असते, ते काय आहे?

पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि आसपासच्या ठरावीक टापूतच होणारे 'पार्मिजानो रेज्जानो' हे चीज मोठे नाणावलेले आहे. आदल्या संध्याकाळचे साय काढलेले दूध आणि सकाळचे सायीसकट दूध एकत्र करून ते तांब्याच्या कढईत तापवितात. सुमारे साडेपाचशे लिटर दुधाचे चाळीसेक किलोचे एक चाक होते, आणि ते किमान बारा महिने मुरवितात. हे सारे ऐकण्यास रम्य आहे. परंतु दूध जमविण्यासाठी त्यात जे रेनेट घालतात, ते दूधपित्या वासराच्या जठरातून काढलेले असते, आणि ते वासरू जिवंत ठेवून काढता येत नाही. त्या चीजच्या नियमावलीने ह्या कामी दुसरे द्रव्य वापरण्यास मुभाच ठेवलेली नाही. युरोपात ह्या नावाला 1996 साली कायद्याचे संरक्षण मिळाले. पुढे 2008 मध्ये युरोपीय न्यायालयाने 'पार्मेसान' हा शब्दही त्याच संरक्षित नावाची आठवण करून देणारा आहे असे मानले. कायद्याच्या विद्यार्थ्यास ह्यात एक मौज दिसते. इतरत्र नाव खोटे निघाले तर ग्राहक फसतो. येथे मात्र नाव जितके खरे, तितका वासराचा अंश निश्चित. रोमकडील पेकोरिनो रोमानो ह्या मेंढीच्या चीजमध्ये हेच काम कोकराच्या जठरातील रेनेट करते.

दोन वर्षांपूर्वीच्या आश्विनात आम्ही सहकुटुंब पार्मा शहरी होतो. बरोबर आमच्या मावशी होत्या; घरात सर्वजण त्यांना माई म्हणतात. त्या दिवशी सोमवार होता. एका लहानशा खाणावळीत आम्ही तेथील प्रसिद्ध तोर्तेल्ली मागविण्याच्या बेतात होतो. रिकोत्ता नावाचा खवा आणि पालेभाजी यांचे सारण भरलेल्या पातळ पिठाच्या पुरचुंड्या, वर वितळलेले लोणी, असा हा पदार्थ. वाढप्यास विचारता त्याने तत्काळ सांगितले की, यात मांस नाही. बरोबरच्या तरुण मंडळींना तेवढ्यावर थांबावयाचे होते. एक भाचा तर हळूच म्हणाला, "माई, आता पुढे विचारू नका, जेवण राहील." त्यावर माई म्हणाल्या, "विचारपाक कसली लज?" आणि त्यांनी आमच्याकडून तीन प्रश्न विचारविले. पिठात अंडे आहे काय? सारणात हाडांचा रस्सा आहे काय? चीज कशाने जमविले आहे? अंडे होते, रस्सा नव्हता, आणि चीजविषयी तो वाढपी किंचित अभिमानानेच म्हणाला की अर्थात वासराच्या रेनेटने, दुसरे वापरले तर ते पार्माचे कसे?

त्या माणसाने पहिल्या उत्तरात आम्हांस फसविले असे कोणी म्हणेल तर ते अन्यायाचे होईल. त्याच्या परंपरेतही वर्ज्य दिवस आहेत. कॅथलिक समाजात शुक्रवारी आणि उपवासकाळी मांस वर्ज्य करून जे पदार्थ होतात त्यांना 'माग्रो' म्हणतात. अंडे आणि चीज त्यात चालते, मासाही चालतो. त्याने त्याच्या शुक्रवाराच्या नियमाने उत्तर दिले, आणि आम्ही ते आमच्या सोमवाराच्या नियमाने ऐकत होतो. न्यायालयात साक्षीदारास प्रश्न घालणाऱ्यास हे ठाऊक असते की, मोघम प्रश्नाचे खरे उत्तरही दिशाभूल करू शकते. दोष साक्षीदाराचा नसतो.

आता भाच्याचे म्हणणे पाहू. 'मला ठाऊक नव्हते' ह्या सबबीत बळ आहे, हे आपल्या धर्मशास्त्रासही मान्य आहे. मनू आणि याज्ञवल्क्य दोघेही अजाणता घडलेल्या आणि जाणूनबुजून केलेल्या कृत्यांत भेद करतात. पण न जाणणे निराळे आणि जाणून घ्यावयाचे नाही असे ठरविणे निराळे. 1860 च्या भारतीय दंडसंहितेच्या बावन्नाव्या कलमात 'सद्भावपूर्वक' ह्या शब्दाची व्याख्या फार मार्मिक रीतीने केलेली होती. योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली वा मानलेली कोणतीही गोष्ट सद्भावपूर्वक केली असे म्हणता येणार नाही, असा तिचा आशय. ती संहिता जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी ही व्याख्या कायम आहे. तेव्हा तोंडात आलेला प्रश्न जो गिळतो आणि मागून घास गिळतो, त्यास अज्ञानाचा लाभ कोणत्या न्यायाने द्यावा?

बौद्ध भिक्षूंच्या विनयातील नियम येथे पुष्कळदा पुढे करण्यात येतो. प्राणी आपल्यासाठी मारल्याचे पाहिले नाही, ऐकले नाही आणि तशी शंकाही नाही, अशा स्थितीत भिक्षेत आलेले मांस भिक्षूला निर्दोष. परंतु पुढे करणारे तिसरी अट सोयीस्करपणे विसरतात. जो प्रश्न टाळतो, त्याला शंका आलेलीच असते. नाही तर तो टाळील कशाला? शिवाय भिक्षू पात्रात पडेल ते घेतो आणि आपण पत्रिका पाहून निवडून मागवितो, हा फरक थोडा नाही. यजमानाच्या घरी पाहुण्याने सारणाची उलटतपासणी करू नये, हे आम्हांस मान्य आहे. तेथे आपले पथ्य आधी कळविणे एवढेच शोभते. पण उपाहारगृहात आपण पाहुणे नसून ग्राहक आहोत. इटलीत तर भाकरीचा तुकडा मोडण्यापूर्वीच, नुसते मेजावर बसल्याबद्दल, 'कोपेर्तो' म्हणून दोन-तीन युरो बिलात लागतात. निदान तेवढ्यात एक प्रश्न विचारण्याचा हक्क येत असावा.

छांदोग्य उपनिषदातील उषस्ती चाक्रायणाची कथा ह्या बाबतीत आम्हांस नेहमी आठवते. दुष्काळात उपाशी फिरणाऱ्या ह्या विद्वानाने एका हत्तीवाल्याकडून त्याचे उष्टे कुळमाष मागून खाल्ले. त्याने पाणीही पुढे केले, तेव्हा मात्र उषस्ती नको म्हणाला, कारण ते उष्टे होईल. मग कुळमाष उष्टे नव्हते काय? त्याचे उत्तर असे की, ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो. पाणी मात्र मला हवे तेथे मिळेल. आपद्धर्माची सीमा इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी आखली असेल असे वाटत नाही. आणि पासपोर्ट, परतीचे तिकीट व भरले पाकीट घेऊन पार्मात आलेला प्रवासी कोणत्या तोंडाने आपद्धर्म सांगणार?

येथे आपल्याच समाजाच्या एका जुन्या जखमेचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. विहिरीत पाव टाकला, लोक नकळत ते पाणी प्याले, आणि तेवढ्यावरून सबंध गाव बाटले, अशा कथा गोव्यात आणि वसईकडे घरोघर सांगितल्या गेल्या. त्यांतील इतिहास किती आणि आख्यायिका किती हा वाद बाजूस ठेवू. त्या कथा सांगताना आपण पाव टाकणाऱ्यावर रागावतो, पण पाणी पिणाऱ्यांना परत न घेणारे आपलेच लोक होते, हे मात्र ओझरते सांगतो. ज्यांना खरोखरच ठाऊक नव्हते, ज्यांना विचारण्याची संधीही नव्हती, त्यांच्या अज्ञानाला आपण कवडीची किंमत दिली नाही. आणि आज ज्यांना विचारणे सहज शक्य आहे ते अज्ञानाची ढाल पुढे करतात, आणि ती आपण हसत मान्य करतो. हा न्याय उलटा आहे, आणि ह्या लेखातील आमचे मुख्य गाऱ्हाणे हेच आहे.

माईंनी त्या रात्री तोर्तेल्ली घेतल्या नाहीत. वाढपी आत जाऊन भाजलेली वांगी, शिजविलेले पांढरे घेवडे आणि ऑलिव्हचे तेल घेऊन आला, आणि त्या आनंदाने जेवल्या. आमच्यापैकी ज्यांना व्रत नव्हते त्यांनी तोर्तेल्ली जाणून खाल्ल्या, एकाने जाणून सोडल्या. मासे खाणाऱ्याला वासराच्या जठराचे वावडे कशाला, असा तर्क त्या रात्री मेजावर झाला; पण गाईच्या वासराची गोष्ट आपल्या मनात माशाच्या पारड्यात बसत नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्याचा त्याने निर्णय करावा. आमचा आग्रह निर्णय डोळे उघडे ठेवून व्हावा एवढ्यापुरताच आहे.

विचारण्याने रस उणावतो, ही समजूतही आम्हांस खरी वाटत नाही. फ्लॉरेन्समध्ये रिबोल्लिता नावाचे जाड सूप असते. आदल्या दिवशीची भाजी, घेवडे आणि शिळी भाकरी पुन्हा उकळून करतात, आणि नावाचा अर्थही 'पुन्हा उकळलेले' असाच. डुकराची चरबी आहे का, असे विचारल्यावर तेथील वृद्ध स्वयंपाकीण स्वतः बाहेर आली, आमच्या भांड्यात नाही असे तिने सांगितले, आणि मग तोस्कानाची भाकरी अळणी का लागते, शिळी असल्यावाचून हे सूप का जमत नाही, हे हातवारे करून समजाविले. त्या सुपाची चव आज आठवते ती तिच्या हातांसकट. नेपल्समध्ये चीजचा प्रश्न विचारल्यामुळेच आम्हांस मारिनारा पिझ्झा भेटला. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. चीज मुळीच नाही. दक्षिणेकडील कोरडा पास्ताही रवा आणि पाणी एवढ्याचाच असतो, अंडे उत्तरेकडच्या ताज्या पास्त्यात. अर्थात प्रत्येक वेळी असे गोड फळ मिळत नाही. मिलानचा केशरी रिसोत्तो रिवाजाप्रमाणे मांसाच्या रश्शात शिजतो, हाडांतील मगजही त्यात पडतो, आणि विचारणाऱ्यास तो कायमचा मुकावा लागतो. हे नुकसान आहे; त्याला फायदा म्हणून दाखविण्याची आमची इच्छा नाही.

घरी परतल्यावर प्रश्न सोपा होईल असे वाटते, पण तसे होत नाही. आपल्याकडील बहुतेक देशी चीज सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटने जमविलेले असते आणि वेष्टनावर हिरवा ठिपका असतो. घटकद्रव्य वनस्पतीचे, प्राण्याचे की प्रयोगशाळेतील, हे स्पष्ट सांगितले पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये बजाविलेही आहे. पण वेष्टन स्वयंपाकघरात फाडले जाते. मेजावर ठिपका येत नाही. पणजीत किंवा वडोदऱ्यात जे उपाहारगृह अस्सल इटालियन चवीची जाहिरात करते, तेथे अस्सल ह्या शब्दाचा अर्थ विचारावाच लागतो.

राहिला एक अवघड प्रश्न. शेजारच्या मेजावर परिचयाचे वृद्ध गृहस्थ सोमवारी समाधानाने जेवत आहेत आणि त्यांच्या ताटात काय आहे हे आपणांस ठाऊक आहे, सांगावे काय? पदार्थ यावयाचा असेल तर सांगावे, जेवण झाले असेल तर त्यांनी आपण होऊन विचारल्याखेरीज सांगू नये, असे आमचे मत आहे. कारण त्या वेळी सांगण्याने त्यांच्या हाती पश्चात्तापाखेरीज काही उरत नाही. आमच्या एका वकील मित्राने लगेच हरकत घेतली: ताट अर्धे झाले असेल तर? तरीही सांगावे, असे आम्ही म्हटले, कारण उरलेले अर्धे अजून त्यांच्या पुढ्यात आहे. मित्राला ते पटले नाही.