छप्पर उकलणारे चौघे

मार्ककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आपण पुष्कळदा वाचला आहे. प्रभू कफर्णहूमास घरी आहे असे ऐकून इतके लोक जमले की, दाराशीदेखील जागा उरली नाही. तेव्हा एका पक्षघाती मनुष्यास उचलून आणणाऱ्या चौघांनी छप्पर उकलून त्याची बाज खाली सोडली. त्यांच्या विश्वासाची आपण वाखाणणी करतो, व ती योग्यच आहे. परंतु त्यांची वाट अडली कोणामुळे? वचन ऐकावयास जमलेल्या लोकांमुळेच.

हे लिहिण्याचे कारण असे. आमच्या मंडळीतील एक बंधू मोटारसायकलवरून पडले व त्यांच्या डोक्यास मार बसला. जखम भरली, पण माणूस पालटला. क्षुल्लक कारणावरून ते संतापत, आताच सांगितलेले विसरत, उपासना चालू असता मध्येच उठून जात. आम्ही काय केले? पंचांपुढे बोलावून त्यांस बोध केला. ते दारू पितात असे कोणी म्हटले, ते खरे मानले. प्रभुभोजनापासूनही त्यांस दूर ठेवले. शेजारी तर बाहेरची बाधा म्हणून देवऋषी सुचवीत होते. दीड वर्षाने डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीस समजावून सांगितले की, मेंदूच्या पुढल्या भागास इजा झाली असता राग आवरण्याची शक्तीच दुबळी होते. त्या बाईंनी आम्हांस दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

दाराशी जमलेली ती गर्दी आम्हीच होतो.

उपदेशक बंधूंनो, रस्त्यावर कोणी पडलेला दिसल्यास 108 क्रमांकावर गाडी बोलवा. त्यास पाणी पाजू नका, हलवून जागे करू नका, मान स्थिर धरा. तो उठून बोलू लागला तरी पुढे वारंवार ओकारी, गुंगी किंवा कानानाकातून पाणी अथवा रक्त दिसल्यास तत्काळ रुग्णालयात न्या. कवटीच्या आत रक्त हळूहळू साचू शकते. पोलिसांचे भय नको. 2019 साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले असून नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही. रस्त्यावर मोटारीच्या अपघातात सापडलेल्यांस नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळावेत, अशी योजना सरकारने 2025 साली काढली आहे.

परंतु आठव्या दिवसापासून काय? व्यायाम, बोलण्याचा सराव, औषधे यांसाठी महिनोन्‌महिने खेपा घालाव्या लागतात. प्रत्येक खेपेस पत्नीची मजुरी बुडते, आणि एस.टी.त नवरा ओरडू लागला म्हणजे लोक पाहत राहतात. एकट्या बाईने बाज उचलावी कशी? कोणी सोबत जावे, कोणी कागदपत्रे सांभाळावी, कोणी तिची लेकरे पाहावी, कोणी नुसते त्यांच्यापाशी बसून त्यांचा राग सोसावा. यात छपराची थोडी माती आपल्या डोक्यावर पडणारच.

गेल्या रविवारी पंच त्या घरी क्षमा मागावयास गेले. येत्या गुरुवारी आमच्या त्या बंधूंस जिल्ह्याच्या रुग्णालयात जावयाचे आहे. तिघांनी नावे दिली आहेत. चौथा अद्याप मिळालेला नाही.