भोग आणि कूस

निमोण्यासारख्या गावी पक्षाघाताने अंथरुणास खिळलेल्या वृद्धाची पाठ लागली, माकडहाडावर प्रथम तांबूस डाग, मग फोड आणि अखेरीस बोट शिरेल एवढे विवर पडले, की समाचारास आलेली मंडळी ओसरीवर बसून एकच शब्द उच्चारतात: भोग. त्यात कणव असते हे मी नाकारीत नाही. परंतु ज्या दुःखाचे कारण कालच्या रात्रीतच सापडते, ते प्रारब्धाच्या खाती मांडणे हा जमाखर्चातला घोटाळा होय.

हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये चेपलेल्या मांसातील सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात आणि रक्तावाचून ते मांस मरू लागते. धडधाकट माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो. ज्याची शक्ती वा संवेदना गेली, त्याची कूस दुसऱ्याने, साधारणतः दर दोन तासांनी, बदलावी लागते. इथे दैवाला शिरकाव कोठून?

महारोग्याच्या तळपायाची क्षतेही बहुतांशी बधिर जागी पडणाऱ्या दाबाचीच. संस्कृत पंडित परचुरेशास्त्री त्या व्याधीसह १९३९ साली सेवाग्रामास आले, तेव्हा गांधींनी त्यांचे पूर्वकर्म तपासले नाही. ते स्वहस्ते त्यांचे अंग चोळीत. कर्मसिद्धान्त स्वतःच्या दुःखापुरता लावला तर धैर्य देतो, दुसऱ्याच्या दुःखास लावला की हयगयीची सबब होतो, असे माझे मत आहे.

मलमपट्टीचा उत्साह मात्र दांडगा! हळद फासावी, जखम उघडी टाकून वाळवावी, असे सल्ले फुकट मिळतात. व्रणचिकित्सेची परंपरा आपल्याकडे जुनी आहे; सुश्रुताने व्रणाचे साठ उपक्रम, म्हणजे उपचार, सांगितले. वाळविण्याच्या सल्ल्याविरुद्ध मात्र १९६२ साली संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवर दाखविले, की झाकून ओलसर राखलेली जखम खपली धरलेल्या जखमेहून लवकर भरते. म्हणून पाझरत्या जखमेस फोमची किंवा अल्जिनेटची शोषक पट्टी, कोरडीस जेल. चिकटलेला कोरडा गॉज रोज ओरबाडून काढणे म्हणजे नवी त्वचाही उपटणे. तथापि भार तसाच राहिला तर महागडी पट्टीही व्यर्थ. रुग्णालयाने भरतीच्याच दिवशी पाठ व टाचा पाहून केसपेपरवर नोंद करावी, आणि घरी धाडताना नातलगांच्या हातून एकदा कूस वळवून घेऊन खातरजमा करावी.

पण रात्री दोनला उठावयाचे कोणी? बहुधा दिवसभर कांदे काढून आलेली सूनच उठते, "मामा, जरा वळा," म्हणत सासऱ्याच्या पाठीशी उशी सारते; आणि भोग म्हणणारी मंडळी त्या वेळी आपापल्या घरी कूस बदलून निजलेली असतात.