सेटवरच्या देवाला नमस्कार

प्रभात फिल्म कंपनीने पुण्यातल्या आपल्या स्टुडिओत ‘संत तुकाराम’ तयार केला तो १९३६ साली. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, जे त्याआधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. देऊळ स्टुडिओने उभारलेले, वैकुंठाचे विमान कॅमेऱ्याच्या करामतीचे. हे सगळे ठाऊक असूनही माणसे अशा पडद्यापुढे हात जोडतात. १९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा कित्येक प्रेक्षक चपला बाहेर काढून आत शिरत आणि पडद्यावर फुले-नाणी उधळत. दूरदर्शनवर १९८७ मध्ये रामानंद सागरांचे ‘रामायण’ सुरू झाले, तर रविवारी सकाळी टीव्हीलाच हार पडू लागले; त्या मालिकेचे सेट होते उंबरगावच्या स्टुडिओत. हा नमस्कार निव्वळ भाबडेपणाचा, की त्याला काही तात्त्विक आधार आहे? माझ्या मते आहे, आणि तो आपल्या मूर्तिपूजेतच आहे.

पहिला आक्षेप ठरलेला असतो. हे खोटे आहे, पैशासाठी बनवलेले आहे. पण पेणच्या कारखान्यांत रांगेने वाळत ठेवलेले गणपतीही बनवलेलेच असतात, आणि विकलेही जातात. चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती माती असते, उत्तरपूजेनंतर पुन्हा माती. मधल्या काळातले देवपण मातीच्या अंगचे नसते, मूर्तिकाराच्या जातिधर्माचे तर नसतेच. भक्ताने आवाहन केले म्हणून ते येते. तेव्हा साहेबमामा फत्तेलालांच्या कल्पनेतून उतरलेल्या देवळापुढे कुणी डोळे मिटले, तर त्यात फसवणूक कसली? ‘संत तुकाराम’मधले बीजाच्या दृष्टान्ताचे गीत शांताराम आठवले यांचे. अनेकांना तो तुकोबांचाच अभंग वाटला. खरा कवी कळल्यावरही त्या गीतातली भक्ती काही पातळ झाली नाही.

खरा अवघड आक्षेप दुसरा आहे. मूर्ती साक्ष देत नाही, कॅमेरा देतो. शाडूचा गणपती ‘मी असाच दिसतो’ असा दावा करत नाही. विमान आकाशात चढताना दाखवणारा कॅमेरा मात्र ‘हे असे घडले’ म्हणतो. आणि चमत्काराच्या जोरावर श्रद्धा गोळा करणाऱ्या भोंदूंवर तर तुकोबांनीच आसूड ओढले आहेत. या आक्षेपाला सरसकट उत्तर नाही, चित्रपटागणिक द्यावे लागते. ‘संत तुकाराम’ त्यातून सुटतो तो गौरी यांनी उभ्या केलेल्या जिजाईमुळे, तुकोबांच्या बायकोमुळे. ती विठोबावर तोंडसुख घेते, उपाशी पोरांपायी कातावते, आणि नवरा वैकुंठाला निघाला तरी संसारातच राहते. विमान काढून टाकले तरी हा चित्रपट उभा राहील. जिजाईला काढले तर कोसळेल. त्याचे वजन डोळे दिपवण्यावर नाही, देवाचे वेड लागलेल्या माणसाबरोबर घर चालवण्याच्या रगाड्यावर आहे. बहुतेक पौराणिक चित्रपट या कसोटीला उतरत नाहीत, हे मान्य. तिथे चमत्कार वजा केला की भरजरी कपडे तेवढे उरतात.

तरीही एक गाठ सुटत नाही, ती विसर्जनाची. सेट मोडतो, पण फिल्म राहते आणि नटही राहतो. ‘रामायण’ मालिका संपून वर्षे लोटली तरी रामाची भूमिका करणाऱ्या अरुण गोविल यांच्या पाया पडणारे भेटतच राहिले. सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया १९९१ मध्ये बडोद्यातून लोकसभेवर गेल्या, गोविल २०२४ मध्ये मेरठहून. यावर कुणी म्हणेल की मतदार इतका भोळा नसतो, निवडणुकीत पक्षाचे बळ असते. बरोबर आहे. शिवाय १९९१ सालीच साबरकांठामधून अरविंद त्रिवेदीही निवडून आले होते, आणि ते तर रावण! म्हणजे मत रामाच्या पावित्र्याला नव्हे, ओळखीच्या चेहऱ्याला पडले असावे. एवढ्याने मतदाराची सुटका होते, टीव्हीला हार घालणाऱ्याची होत नाही. रविवारी ज्या चेहऱ्यात त्याने राम पाहिला, तो चेहरा सोमवारपासून नुसता नटाचा झाला हे सांगणारी उत्तरपूजा आपल्या कुठल्याच पोथीत नाही.