ठेवणे आणि राखणे

माझा एक शाळासोबती गेली चाळीस वर्षे इंग्लंडमध्ये, लेस्टरला राहतो. २०२४ च्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने नुकतीच एक जुनी मोटार विकत घेतलेली होती. एम. जी. बी. नावाची, दोनच माणसांची, डोक्यावर कापडी छप्पर असलेली ही गाडी. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात या जातीच्या पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या; म्हणजे ती काही दुर्मिळ चीज नव्हे. मित्राची गाडी १९७२ सालची. १९९६ पासून ती एका घरामागच्या गॅरेजमध्ये चादरीखाली उभी होती. मालक वारले आणि त्यांच्या पत्नीने ती विकायला काढली.

गाडीबरोबर त्या बाईंनी एक वहीही दिली. मालकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली. कोणत्या तारखेला किती मैल झाले, तेल केव्हा बदलले, प्लग केव्हा साफ केले, सारे वळणदार अक्षरात. शेवटची नोंद ऑक्टोबर १९९६ ची, आणि तिचा अर्थ एवढाच की, गाडी हिवाळ्यापुरती ठेवली. त्यानंतरची पाने कोरी.

"त्यांनी ती फार जपली," असे बाई म्हणाल्याचे मित्राने मला सांगितले. अठ्ठावीस वर्षे कुणाला हात लावू दिला नाही, विकण्याची गोष्ट काढू दिली नाही. चादर मात्र दोनदा नवी आणली. हे ऐकून मला त्या अनोळखी गृहस्थांविषयी आपुलकी वाटली. पण मित्राने चादर दूर करून गाडी दाखवली, आणि मी गोंधळात पडलो. जपणे म्हणतात ते हेच काय?

मोटार चालवली की झिजते, हे कुणालाही कळते. ती न चालवल्याने अधिक वाईट रीतीने बिघडते, हे मला त्या दिवशी कळले. ब्रेकमधले तेल हवेतला ओलावा शोषून घेते. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे असे सांगतात. तेच तेल वर्षानुवर्षे राहिले, तर ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात आणि त्यांतले पिस्टन जागच्या जागी धरून बसतात. रबरी नळ्या बाहेरून धड दिसतात, पण आतून फुगून त्यांची वाट बुजते. पेट्रोल उडून जाते आणि कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत रोगणासारखा चिकट थर मागे ठेवते. क्लचची तबकडी फ्लायव्हीलला चिकटते. टायरवरची नक्षी जवळजवळ नवी, आणि रबर मात्र कडक होऊन भेगाळलेले. इंजिनाच्या भिंतींवरचे तेल ओघळून खाली जाते आणि कोरड्या धातूवर गंज बसतो. यांतला एकही दोष गाडीला कुणी वाईट वागवल्यामुळे आला नव्हता. कुणी वागवलेच नाही, म्हणून आला.

आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करीत. रोजच्या घासण्याने ती झिजे, आमटी कळकू लागे, की कल्हईवाल्याला हाक जाई. नवसागराचा धूर निघे, कथलाचा पातळ हात फिरे, आणि भांडे पुन्हा पांढरे लखलखीत होऊन स्वयंपाकघरात येई. कल्हई झिजू नये म्हणून भांडे माळ्यावर टाकणाऱ्या बाईला कुणी जपणारी म्हटले नसते. वापर, झीज आणि पुन्हा कल्हई, हे तिन्ही मिळून भांड्याचे आयुष्य होत असे. 'ठेवणे' आणि 'राखणे' हे दोन शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. पण ठेव ठेवली की माणसाला झोपता येते. शेत राखायचे तर मचाणावर जागावे लागते.

मित्राने टेबलावर कागद पसरून कामांची यादी मांडली होती. इंजिन सुरू करून पाहिलेस का, असे मी विचारले.

"अरे, तोच तर मोह," तो म्हणाला. "गाडी घरी आली की पहिल्याच संध्याकाळी बॅटरी लावून किल्ली फिरवावी म्हणून हात शिवशिवतात. आणि तेवढ्यात इंजिनाचा घात होतो."

त्याच्या यादीत सगळ्यांत वर ब्रेक होते. मग टायर आणि स्टिअरिंग. मग गंजलेला सांगाडा. इंजिनाचा नंबर चौथा. तेही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडायचे, काही दिवस मुरू द्यायचे, मग पान्याने, हातानेच, सावकाश फिरवून पाहायचे. मोकळे फिरले, तर प्लग न लावता स्टार्टरने फिरवून तेलाचा दाब काट्यावर दिसू द्यायचा. आणि त्यानंतर पेट्रोल. रंग आणि क्रोमचे बंपर अगदी शेवटी, पैसे उरले तर.

ही यादी मी पुनःपुन्हा वाचली. यंत्राची म्हणून ती केलेली होती, पण तिच्यात कर्तव्यांचा एक क्रम होता. ब्रेक आणि टायर हे रस्त्यावरून चालणाऱ्या परक्या माणसाचे देणे. सांगाडा आणि इंजिन हे खुद्द गाडीचे देणे. रंग आणि चकाकी ही आपली हौस. एरवी आपण हा क्रम बरोबर उलटा लावतो. जुने देऊळ दुरुस्त करायचे ठरले की गळक्या छपराआधी ऑइलपेंटचे डबे येतात. मोडलेली संस्था पुन्हा उभी करायची झाली की हिशेबाच्या वह्यांआधी उद्घाटनाची तारीख ठरते. सुरू झाल्याचा आवाज सर्वांनाच हवा असतो. थांबता येईल की नाही, याची चौकशी मागाहून होते.

बरे, यात कायद्याचा धाक म्हणावा, तर तोही नव्हता. मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठा फेरफार न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. गाडी रस्त्यावर आणण्याजोगी राखण्याची जबाबदारी मात्र मालकावरच. मित्र तरीही गाडी तपासणीला नेणार होता. का, असे विचारले, तेव्हा म्हणाला, "या गाडीचा न्याय मी कसा करू? मी तिच्यावर भाळलेला आहे."

यादीतल्या एका बाबीपाशी मात्र तो अडला होता. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा कोठा हाच तिचा सांगाडा. डोक्यावर पोलादी छप्पर नसल्याने बळकटीचा मोठा भार दारांखालच्या पोकळ पेट्यांवर येतो. त्यांना सिल म्हणतात. दोन्ही बाजूंच्या सिल आतून गंजून गेल्या होत्या. त्या कापून नव्या वेल्डिंगने बसवायच्या. आणि कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवे टेकू द्यायचे, नाहीतर गाडी मध्येच वाकते. नळ्या, टायर, क्लच बदलण्याचे त्याला काही वाटले नव्हते. पण सिल कापल्या, तळाचा पत्रा बदलला, मग त्या गृहस्थांची गाडी उरली किती?

हा प्रश्न १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे खरोखरच आला होता. 'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेंटली गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिचे भाग बदलत गेले. १९३२ साली ब्रुकलँड्सला तिला भीषण अपघात झाला, त्यात क्लाइव्ह डन्फी हा चालक ठार झाला, आणि गाडी पुन्हा बांधली गेली. १९९० मध्ये एक कोटी पौंडांना सौदा ठरल्यावर घेणाऱ्यांनी हात आखडला. ही ती गाडीच नव्हे, असे त्यांचे म्हणणे. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला, त्याचा मथितार्थ असा: हिला मूळची गाडी म्हणता येणार नाही, कारण १९२९ चे फारच थोडे भाग उरले आहेत, पण अस्सल म्हणता येईल, कारण बदल होत असताना ती कधी नाहीशी झाली नाही, तिचा इतिहास अखंड आहे.

'मिलिंदप्रश्ना'त नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे आस काय, चाके काय, दांडी काय? राजाला कशावरही बोट ठेवता येत नाही. रथ हे केवळ एक नाव ठरते. न्यायमूर्तींना व्यवहारात निकाल द्यायचा होता. त्यांनी भागांवरून बोट उचलून अखंडतेवर ठेवले. मला वाटते, ती अखंडता म्हणजे भाग बदलणाऱ्या हातांची ओळच होय. मित्राच्या गाडीची स्थिती याच्या उलट होती. तिच्यात बहुतेक सारे मूळचेच होते. तुटली होती ती वहीतली ओळ.

त्या गृहस्थांना मी आळशी म्हणणार नाही. पहिल्या वसंतात काही कारणाने राहून गेले असेल. दुसऱ्या वर्षी आत काय निघेल याची धास्ती वाटली असेल, आणि तिसऱ्या वर्षी ती दुप्पट झाली असेल. चादर बदलणे त्या मानाने सोपे. हे मी अंदाजाने लिहीत नाही. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून माझे आणि माझ्या थोरल्या भावाचे बोलणे थांबले, त्याला तेव्हा नऊ वर्षे झाली होती. शब्दाने शब्द वाढू नये म्हणून थोडे दिवस गप्प बसावे, असे आम्ही दोघांनीही मनाशी ठरवले होते. नाते तोडलेले नाही, असे मी विचारणाऱ्याला सांगत असे, आणि त्यात खोटे काही नव्हते. मीही ते हिवाळ्यापुरते ठेवले होते.

मी निघण्याच्या आदल्या दिवशी मित्राने ती वही उघडली. शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून त्याने तारीख घातली आणि लिहिले, 'ब्रेकचे जुने तेल काढले.' सिल कापायच्याच, असे त्याचे तोपर्यंत ठरले होते.

परतल्यावर मी दादाला पत्र लिहिले. घराचा विषय काढला नाही. रागाचा शब्द आला तर मला अजून थांबता येत नाही, हे मला ठाऊक आहे. त्याच्या गुडघ्याची तेवढी विचारपूस केली. चार ओळींचे उत्तर आले. त्यातही घर नव्हते. माझे दुसरे पत्र गेले आहे.

गाडी अजून सुरू झालेली नाही, असे मित्र कळवतो. ब्रेक मात्र लागू लागले आहेत.