संध्याकाळची मजुरी

सामान्य काळातील २५ वा रविवार (वर्ष अ)



आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल फिलिप्पैकरांना विनवतो की, आपले वागणे ख्रिस्ताच्या शुभवर्तमानाला शोभणारे असावे (१:२७). असे वागणे कसे असते, हे प्रभू येशू द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दाखवतो (मत्तय २०:१-१६). या दाखल्यात शेत आहे, मालक आहे, मजूर आहेत आणि दिवसाची मजुरी आहे.

विंझर परिसरात हा दाखला फार समजावून सांगावा लागत नाही. राब भाजून तरवा टाकायचा, पाऊस लागला की चिखलणी करायची आणि तरवा जून होण्याआधी लावणी उरकायची. त्या दिवसांत माणूस मिळत नाही, म्हणून सावड चालते. आज आम्ही तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही आमच्या. दिवसाला दिवस फेडायचा. रीत चांगली आहे. पण ज्या घरात दिवस फेडायला हातच नाहीत, त्यांचे काय? एखादी विधवा बहीण, मुले पुण्याला कामाला गेलेले म्हातारे जोडपे, अंथरुणाला खिळलेला शेतकरी. त्यांची पाळी सर्वांत शेवटी येते. तोवर तरवा जून होतो, त्याला फुटवे कमी येतात आणि त्या घरचे वर्षाचे भात घटते.

दाखल्यातील पाच वाजताचे मजूर असेच होते. ते काम टाळत नव्हते, त्यांना कोणी कामावर घेतलेच नव्हते. मालकाने त्यांनाही पूर्ण दिनार दिला. दिनार म्हणजे त्या काळी मजुराच्या एका दिवसाच्या कामाचे मोल. कमी दिले असते तर त्यांच्या घरची चूल अर्धीच पेटली असती. सकाळी आलेल्यांचेही त्याने काही कापले नाही. ठरले तेवढे दिले.

त्याने मजुरी दिली तीही त्याच संध्याकाळी. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, असे नियमशास्त्र सांगते (लेवीय १९:१३). गावातली कातकरी बाई दिवसभर चिखलात वाकून घरी निघते, तेव्हा तिला ‘उद्या ये’ म्हणणे आपल्याला सोपे असते. तिला मात्र आजच तांदूळ-तेल घ्यायचे असते.

ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात सांगितले की, मजुराने गरजेपोटी कमी मजुरी कबूल केली, तरी तेवढ्याने ती न्याय्य ठरत नाही. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेतले, तेही या परिपत्रकाची आठवण ठेवूनच.

तेव्हा आपण काय करावे? पुढच्या लावणीला वाडीतल्या एका तरी हात नसलेल्या घराला सावडीत घेऊ या, परतफेडीचा दिवस न मागता आणि पाळी शेवटी न लावता. बाई असो वा पुरुष, सारख्या कामाला सारखे पैसे देऊ या. आणि कापणीपासून एक नेम करू या: दिवस मावळण्याआधी मजुरी मजुराच्या हातात.

शेजारी आपली मिस्सा पाहायला येत नाहीत. त्यांना आपला व्यवहार दिसतो. आपला प्रभू कसा आहे, हे ते त्यावरूनच ओळखतील. आमेन.