मिळकत घेणाऱ्याचं देणं

बापाची उधारी मुलानं फेडायची, हा नियम नागपुरात आमच्या गांधीबागेच्या कापडबाजारात अजून चालतो. कोर्टात तो संपला. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतरच्या कर्जासाठी, केवळ मुलगा आहे म्हणून सावकाराला त्याच्यामागे लागता येत नाही. आमच्याकडे मात्र तेरावं उरकून मुलगा गादीवर बसला, की दलाल हळूच खात्याचा विषय काढतो. 'माझा काय संबंध?' असं मुलगा म्हणत नाही. म्हणाला तर सुरतेचा पुढचा माल यायचा नाही.

आजोबा-पणजोबांनी शेजारच्या मुलखात जे केलं, त्याचं देणंही असंच वारसांवर येतं का?

शांतिपूरचा एक व्यापारी मला तांतच्या साड्या पुरवतो. गठ्ठा सोडून साड्या गादीवर पसरतो, मी भाव पाडला की हसत म्हणतो, "भाऊसाहब, चौथ का ज़माना गया." लहानपणी आजी त्याला बर्गी येतील म्हणून झोपवायची. हे बर्गी म्हणजे आमच्या नागपूरकर भोसल्यांचे स्वार. त्यांचा महालातला वाडा माझ्या दुकानापासून पायी जाण्याइतका जवळ. १७४२ मध्ये रघूजी भोसल्यांच्या वतीनं भास्करराम कोल्हटकर बंगालात उतरले. बर्दवानच्या भागातली गावं जळली, बायकांवर अत्याचार झाले, विणकर आणि रेशीमवाले घरदार सोडून पळाले. गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं ते 'महाराष्ट्र पुराणा'त लिहून ठेवलंय. भीतीपोटी कलकत्त्यात खंदक खणला गेला. १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखान यानं बोलणी करायला बोलावून भास्कररामांना दग्यानं मारलं, म्हणजे खातं दोन्हीकडून रंगलं. १७५१ च्या तहात वर्षाला १२ लाखांची चौथ ठरली.

मग मी या माणसाची माफी मागावी? तो हसेलच, आणि शास्त्रही मला सोडवतं. बापाची दारू, जुगार आणि त्याला झालेला दंड, यांचं देणं मुलावर येत नाही, असं याज्ञवल्क्य स्मृती सांगते. पाप करणाऱ्याचंच. पण तीच स्मृती असंही सांगते की जो मिळकत घेईल, त्यानं ऋणही फेडावं. माझी अडचण इथे आहे.

भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं. त्या लुटीतली दमडी माझ्या घरात नाही. मात्र मराठे अटकेपर्यंत गेले हे सांगताना माझी छाती फुगते. ही मिळकत मी स्वखुशीनं घेतली आहे. मग अटक आमची आणि बर्दवान त्यांचं, असं कसं चालेल? जमेची बाजू वारसानं घ्यायची आणि नावेची बाजू मेलेल्यावर टाकायची, अशी वही कुठल्याच मुनिमानं लिहिली नसेल.

२०१९ मध्ये जालियनवाला बागेला शंभर वर्षं झाली. ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी खेद व्यक्त केला, माफी मागितली नाही. आपल्याला राग आला, तो रास्त होता. गोळ्या झाडणारे कधीच गेले, पण ते सरकार आणि त्याचा डामडौल चालूच आहे.

मिळकत घेईल त्याचं देणं, हाच नियम घरात लावू. १७ मार्च २०२५ ला आमच्या महालात दंगल पेटली. निमित्त १७०७ मध्ये मेलेल्या औरंगजेबाच्या कबरीचं. संचारबंदी लागली, बाजार बसला, हातगाडीवाले आणि हमाल रोजीला मुकले. त्यात मोमिनपुऱ्यातले होते आणि महालातलेही. औरंगजेबाचं गुणगान करणाऱ्यानं त्याच्या क्रौर्याचा जाब जरूर द्यावा. पण ज्यानं त्या बादशहाकडून काहीच घेतलं नाही, अभिमानसुद्धा नाही, त्याच्याकडे केवळ नावावरून वसुलीला जायचं, ही निव्वळ गुंडगिरी. मला भास्कररामांच्या नावानं शांतिपुरात कुणी बडवलं, तर मी दुसरं काय म्हणेन?

बंगालनं आपल्याशी असं वागायचं ठरवलं नाही. अंगाईत बर्गी राहिले, तरी बंगालीत लिहिणाऱ्या सखाराम गणेश देऊस्करांनी कलकत्त्यात शिवाजी उत्सव रुजवला आणि १९०४ मध्ये रवींद्रनाथांनी त्यावर कविता लिहिली. त्यांनी आपलं देणं माफ केलं असेलही. आपल्या वहीतून ती नोंद खोडायचा हक्क त्यानं मिळत नाही. नातवाला अटक सांगायची, तर त्याच दमात बर्दवानही सांगायचं. माझ्या वाट्याचं देणं एवढंच, आणि ते टाळायचं असेल तर अभिमानही सोडावा लागेल.