वेष आणि वासना

गतकाळातील पुरुषाचा वेष घेऊन त्याचे चरित्र लोकांपुढे करून दाखवावे की नाही, हा प्रश्न विचारणीय आहे. फुलपाड्यापासून वऱ्हाडापर्यंत दिवाळीत मुले मातीचे किल्ले रचून त्यांवर मावळे मांडतात. रायगडावर 6 जून रोजी 1674 च्या राज्याभिषेकाचा सोहळा होतो. 1985 साली ‘जाणता राजा’ हे महानाट्य हत्तीघोड्यांसह रंगभूमीवर आले. अशा दर्शनाने स्मरण दृढ होते, निरक्षरासही बोध होतो. म्हणून वेष सर्वथा त्याज्य म्हणता येत नाही.

मग दोष कोठे? वेषधाऱ्यास बोलावे लागते. जेथे इतिहास मूक आहे, तेथे तो मृताच्या मुखी आपले शब्द घालतो; आणि ऐकणारा ते शब्द त्या मृताचेच मानतो.

फुलपाड्याहून फार दूर नसलेल्या वसईच्या किल्ल्याचेच पाहा. दीर्घ वेढ्यात मोठी प्राणहानी सोसून चिमाजी अप्पांच्या सैन्याने मे 1739 मध्ये तो पोर्तुगिजांकडून घेतला. तरीही तहात पराभूतांना शस्त्रांसह सन्मानाने निघून जाण्याची आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती जनांना स्वधर्म पाळण्याची मोकळीक दिली गेली. आता या प्रसंगावर रचलेल्या कथेत टाळ्यांच्या लोभाने तह गाळला व सूडाची भाषा घातली, तर काय होईल? त्या विजेत्यांचा संयम हरवेल. आणि वसईत आजही नांदणाऱ्या ख्रिस्ती शेजाऱ्याचे मूल प्रेक्षकांत बसलेले असता त्यास शत्रू ठरविले जाईल. शस्त्राविना झालेली ही हिंसाच होय.

येथे अशी शंका घेतली जाते की, कल्पनेवाचून कथेस रस कसा यावा? याचे समाधान असे. इ.स. 1278 च्या सुमारास म्हाइंभटांनी लीळा संग्रहित केल्या, त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकिल्या त्यांस विचारून. पुढे मूळ प्रत हरपल्यावर ज्यांना जसे स्मरत होते तसे पाठ पुन्हा मांडले गेले. जेथे स्मरण भिन्न झाले तेथे एकाचा पाठ दुसऱ्यात मिसळला नाही, ‘वासना’ म्हणून वेगळा नोंदविला. वासना म्हणजे येथे पाठभेद. परंतु वेषधाऱ्याच्या बाबतीत त्या शब्दाचा दुसरा अर्थही आठवावा: त्याने घातलेला शब्द बहुधा त्याच्या इच्छेतूनच उपजतो.

तेव्हा कल्पना वर्ज्य नाही. तिचे नाव लपविणे वर्ज्य आहे. अज्ञात शिपायाचे मनोगत रचावे, पण ते रचलेले आहे हे सूत्रधाराने सांगावे. ज्ञात पुरुषाच्या ज्ञात कृतीस मात्र उलटे करू नये. आणि जो शत्रूचा वेष घेतो, त्याच्या वाट्यासही सत्यच द्यावे. जिंकलेल्याने हरलेल्यास वाट करून दिली, यापरता रस कोणत्या कल्पनेत आहे? वेष उतरल्यावर वेषधारी आपल्या घरी जातो. श्रोत्याच्या चित्तात मात्र त्याचे बोल राहतात. त्यांचा भार बोलणाऱ्यावरच आहे.